रुपयाएवढी जागा

"इथं रंग लागता कामा नये," हुपरीकर सर म्हणाले आणि त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, एका भोकाभोवती, पेन्सिलीनं गोल काढला. रुपयाच्या नाण्याएवढा. "बाकी तुला काय करायचं ते कर. सोन्याचा मुलामा दे. पण एवढी जागा कोरी. कळलं?"

"कळलं सर."

"का ते कळलं?"

"अर्थिंगची वायर तिथं बसणार."

"बसणार नाही, भिडणार. धातूला धातू. मध्ये काही नको." त्यांनी पत्रा माझ्या हातात दिला. "रविवारी श्रीरंग येतोय. त्याच्या आत झालं पाहिजे."

याला एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि मिरजेत तंबोऱ्यांना पॉलिश करत होतो. आमच्या घरात हेच काम. हुपरीकर सरांनी मला नववी-दहावीला विज्ञान शिकवलेलं. पुढं मी शाळा सोडली, पण सरांचं घर सुटलं नाही. काकूंनी वाढलेलं ताट मी त्या घरात किती वेळा खाल्लं असेल याचा हिशोब नाही.

काकूंचे कान गेले होते. पार बहिरेपण नव्हे, पण समोरच्यानं दोन दोनदा सांगावं इतपत. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं होतं, ते बोलण्यापुरतं चालायचं. गाणं लावलं की शिट्ट्या मारायचं. काकूंकडे नाट्यसंगीताच्या तबकड्यांचं एक कपाट होतं आणि दुपारी जेवण झाल्यावर तास-दीड तास ऐकायची त्यांची सवय. मग तो आवाज त्यांना पुरेना. वाढवला तर शेजारी दार वाजवत. शेवटी काकूंनी कपाटाला कुलूप घातलं. "राहू दे. ऐकलंय सगळं," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षं सर त्या एकाच गोष्टीमागं लागले होते. जुन्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह गोळा करून, ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हातानं गुंडाळून, त्यांनी हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवला. मोठा आवाज फक्त काकूंच्या कानात, आणि सुरात. प्लायवुडच्या फळीवर सगळं उघडंवाघडं जोडलेलं असायचं आणि चालायचंही उत्तम. पण काकू म्हणाल्या, "हा असला सांगाडा माझ्या बाहेरच्या खोलीत नको. आणि आतली ती वायरींची गुंतवळ बघून मला धडकी भरते. मी नाही कानाला लावणार."

म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लाकडी चौकट आणि वरचा पत्रा.

लाकडाची मला काळजी नव्हती. तंबोऱ्यांच्या कामातून उरलेले तूनच्या लाकडाचे तुकडे होते, चांगले वाळलेले. चौकट जोडली, पॉलिशपेपर मारून मारून हाताला रेशीम लागेपर्यंत आणली आणि चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवून कापसाच्या पुरचुंडीनं चढवायला लागलो. तीन दिवस. एक हात चढवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा. लाकडाच्या आतली रेघ न् रेघ वर येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या वडिलांनीसुद्धा हातातलं काम सोडून पाहिलं.

पत्रा मात्र माझा नव्हता. धातूचं काम मी कधी केलं नव्हतं. वरून मोटारीला मारतात तसला काळा रंग आणि आतून चंदेरी, असं मी ठरवलं होतं. आतली बाजू कुणाला दिसणार नव्हती. पण मला माहीत असणार होतं ना. काकू म्हणाल्या होत्या, आत बघून धडकी भरते. मला आतसुद्धा नीटनेटकं हवं होतं.

पहिला हात दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा निघाला. थिनरनं सगळं पुसलं, घासलं, अस्तर मारलं, पुन्हा फवारा. तो बसला, पण कोपऱ्यात फोड आले. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी, शनिवारी सकाळी, रंग काचेसारखा बसला. मी सरांच्या त्या गोलावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. ती काढायला गेलो आणि तिच्याबरोबर बोटभर रंगाची पट्टी उचकटून आली.

मला रडू यायचं बाकी होतं. मी कडा घासली आणि पुन्हा फवारा मारला. या वेळी चिकटपट्टी न लावता. वाळला की ब्लेडनं तेवढी जागा खरवडू, असं मनाशी म्हटलं. वर एक हात पारदर्शक लॅकरचाही दिला.

संध्याकाळी तो वाळला. मी ब्लेड घेतलं, त्या जागेवर टेकवलं आणि तसाच बसून राहिलो. एक ओरखडा ओढला की रंग पुन्हा कुठवर फाटत जाईल याचा नेम नव्हता. नट तर पान्यानं करकचून आवळतात. त्याच्याखाली दातेरी वायसर असतो. ते दात रंगातून जाणारच की धातूपर्यंत. असं मी स्वतःला समजावलं आणि ब्लेड खाली ठेवलं.

थोड्या वेळानं सर आले. चौकटीवरून त्यांनी तळहात फिरवला. पत्रा उजेडाकडे धरला. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता.

"ती जागा कोरी ठेवलीस ना?"

"हो सर."

चंदेरी रंग आणि उघडं अ‍ॅल्युमिनियम, दिव्याच्या उजेडात दोन्ही सारखंच दिसतं. सरांनी त्या जागेवर अंगठा फिरवला. "वा," ते म्हणाले. "यासीन, असं काम मी आजवर पाहिलं नाही."

खरं सांगायची वेळ तीच होती. आता एवढी स्तुती ऐकल्यावर कसं बोलायचं, असं वाटून मी गप्प राहिलो.

रविवारी सकाळी मी नऊलाच त्यांच्याकडे गेलो. मागच्या खोलीत सरांचं टेबल होतं. खाली शहाबादी फरशी, आणि त्या खोलीत सर रबरी चपलेशिवाय कधी पाऊल टाकत नसत, मलाही टाकू देत नसत. मी पत्रा धरायचा, ते एकेक भाग बसवायचे. आवाज कमी-जास्त करायचं बटण मी पितळेचं करून आणलं होतं. दांडी भोकाच्या कडेचा रंग खरवडत घट्ट बसवून ते लावलं तेव्हा काळ्या पत्र्यावर ते असं काही उठून दिसलं की आम्ही दोघंही हसलो.

शेवटी अर्थिंगचा बोल्ट. सरांनी नट आवळला, मीटर घेतला, एक टोक प्लगच्या पिनला आणि दुसरं बोल्टच्या डोक्याला लावलं. मीटर पीं करून वाजला.

"शून्य. बघ."

मी बघितलं. छातीवरचा दगड उतरला. म्हणजे दात धातूला लागले होते. उगाच घाबरलो.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. श्रीरंग दुपारी यायचा, तो साडेदहालाच आला. सरांचा हा एकुलता मुलगा पुण्यात असायचा. या खेपेला तो नुसता भेटायला येत नव्हता, हे मला काकूंकडून कळलं होतं. मागच्या महिन्यात सरांकडून गॅस उघडा राहिला होता. त्याच्या आधी एकदा बाजारातून घरी येताना वाट चुकले, म्हणजे निदान श्रीरंगचं तसं म्हणणं होतं. सर म्हणायचे, चुकलो नव्हतो, पुस्तकाच्या दुकानात रमलो. श्रीरंगनं पुण्यात दोघांसाठी तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं.

"लवकर," सर म्हणाले. "चौकटीत बसव. तो आत यायच्या आत."

चौकट नेमकी होती, केसभरही ढिली नाही. मला त्याचाच अभिमान होता. पत्रा एका बाजूनं उतरेना.

"दाब जरा."

मी दोन्ही तळव्यांनी दाबला. कर्र झालं आणि पत्रा बसला. सरांनी भराभर स्क्रू पिळले.

श्रीरंग दारात उभा होता. "बाबा, आल्या आल्या हेच?"

"अरे, तुझ्यासाठीच थांबलोय. बघ."

सरांनी स्विच दाबला. व्हॉल्व्हच्या आतल्या तारा हळूहळू लाल झाल्या. सरांनी हेडफोन लावला, पितळी बटण थोडं फिरवलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"घूं असा आवाज येतोय मागं. अर्थिंग असताना यायला नको."

मी पत्र्याकडं बघितलं, सरांकडं नाही.

"सुरक्षित आहे ना हे?" श्रीरंगनं विचारलं.

"मी स्वतः मीटर लावलाय. दहा मिनिटांपूर्वी. यासीन होता समोर."

श्रीरंगनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मीटर लावला होता, हे खोटं नव्हतं.

काकू स्वयंपाकघरातून ओले हात पदराला पुसत आल्या. नेहमीप्रमाणे अनवाणी. चौकट बघून थबकल्या. मग जवळ येऊन त्यांनी लाकडावरून बोट फिरवलं.

"हे तू केलंस? अरे, हे तर देव्हाऱ्यात ठेवायच्या लायकीचं झालंय!" आणि सरांना म्हणाल्या, "काय ऐकवणार? तुमची कटकट? ती मला तशीही ऐकू येते."

पण खुर्चीत बसताना त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. सरांनी तबकडी लावली, हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला, केसांत अडकलेली बट सोडवली. सुई टेकली. काकूंनी डोळे मिटले. मग उघडले. आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "येतंय! पण हळू येतंय!"

त्यांनी हात पुढं केला. बोटांवर अजून पाण्याची चकाकी होती. बोटं पितळी बटणाकडं निघाली होती, आणि कुणीतरी माझ्या डोक्यात ओरडावं तसं मला कळलं की मीटर बोल्टच्या डोक्याला लावला होता. पत्र्याला नव्हे.

"काकू!" मी म्हणालो. "काकू, नको!"

त्यांच्या कानांवर हेडफोन होता.

पुढचं सगळं एका श्वासाइतकं. काकूंचा हात ताठ झाला, तोंडातून एक वेगळाच आवाज आला, खुर्ची मागं गेली आणि त्या फरशीवर आपटल्या. श्रीरंगनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. सर होते तिथंच उभे होते. तबकडी फिरता फिरता मंद झाली आणि थांबली.

काकू वाचल्या. पडल्यामुळं हात सुटला म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. उजवं मनगट मोडलं होतं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. श्रीरंग भिंतीकडं बघत होता. मग शांतपणे म्हणाला, "अर्थिंग होतं म्हणालात तुम्ही."

"होतं," सर म्हणाले. "मी मीटर लावला होता." ते माझ्याकडे वळले. "यासीन, मी मीटर लावला होता ना?"

"लावला होता सर."

"शून्य आलं होतं?"

"आलं होतं."

"मग आतून वायर सुटली असणार. मी नीट झाळली नसणार." त्यांनी दोन्ही हात पालथे करून गुडघ्यांवर ठेवले आणि ते बघत राहिले. "माझ्याकडूनच झालं, श्रीरंग. तू म्हणतोस तेच बरोबर."

श्रीरंगनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. त्याचा राग गेला होता, आणि ते मला जास्त लागलं. मी उठून पाणी आणायला गेलो. नळ सोडून तसाच उभा राहिलो. परत जाऊन बोलायला चार वाक्यं पुरली असती. परत गेलो, सरांच्या हातात पेला दिला, आणि घरी आलो.

सोमवारी मी कामावर एका तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाख चढवत होतो. वडील म्हणाले, "अरे, वाळलेल्यावर वाळलेलंच फिरवतोयस." पुरचुंडीत पॉलिशच नव्हतं.

मंगळवारी दुपारी गेलो. मागच्या खोलीतून सामान ओढल्याचे आवाज येत होते. पुढच्या खोलीत काकू पलंगावर बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला, चेहरा उतरलेला. मला बघून मात्र हसल्या.

"ये रे. बस की. चहा करून द्यायला हात नाही, तूच कर आणि मलाही दे."

"काकू, मागं काय चाललंय?"

हे त्यांना ऐकू आलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, कोण जाणे. त्यांचं मशीन उशाशी पडलं होतं. "श्रीरंग भंगारवाल्याला बोलावणार आहे उद्या," त्या आपणहून म्हणाल्या. "ह्यांनीच सांगितलं, सगळं देऊन टाक म्हणून. सोल्डरिंगची कांडीसुद्धा. सकाळपासून चार वेळा गॅस बघून आले. नळ बघतात. दाराची कडी बघतात. मला विचारतात, इंदू, मी मीटर लावला होता का गं? मी कुठं होते तिथं? पण मी आपली सांगते, हो, लावला होता. मग म्हणतात, तू होतीस कुठं तिथं?" काकूंनी डाव्या हातानं डोळे पुसले. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं ह्यांनी. आता स्वतःच्या हाताकडं असं बघतात, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मला मनगटाचं काही नाही रे. ते जुळेल."

मी पलंगाशी खाली बसलो.

"काकू, तो रंग मी मारला होता."

"काय?"

"सरांनी सांगितलं होतं तिथं रंग नको. मी मारला."

"काय म्हणतोस? तोंडातल्या तोंडात नको बोलू. मोठ्यानं बोल."

मागच्या खोलीतला आवाज थांबला होता. मधलं दार उघडं होतं. मला ठाऊक होतं की आता जे काही बोलेन ते सगळ्या घराला ऐकू जाईल. उशाशी मशीन होतं. ते त्यांच्या कानात घालून हळू बोलता आलं असतं. माझा हात त्याच्याकडं गेलासुद्धा. मी तो मागं घेतला.

"सरांची चूक नव्हती, काकू!" मी ओरडलो. "रंग मी मारला! अर्थिंगच्या जागेवर! सरांनी विचारलं, कोरी ठेवलीस का, मी हो म्हणालो! खोटं बोललो! माझ्यामुळं झालं!"

काकू माझ्या ओठांकडं बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं आणि डावा हात प्लास्टरवर जाऊन थांबला.

श्रीरंग आधी आला. त्यानं माझी कॉलर धरून मला उभं केलं. "तुला कळतंय काय बोलतोयस? आई गेली असती!"

"हो."

"आणि दोन दिवस गप्प बसलास?"

"हो."

"सोड त्याला," दारातून आवाज आला. सर उभे होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. ते माझ्याजवळ आले नाहीत. लांबूनच बघत राहिले. "हा खरं बोलतोय की मला बरं वाटावं म्हणून बोलतोय?"

"खरं सर. देवाशपथ."

"शपथ नको. मीटर आण, श्रीरंग. कुठल्या पोत्यात घातलायस?"

अ‍ॅम्प्लिफायर टेबलाखाली पडला होता. सरांनी तो उलटा केला. मी स्क्रू काढायला पुढं झालो तर म्हणाले, "तू हात लावू नकोस." त्यांची बोटं थरथरत होती, तरी सगळे स्क्रू त्यांनीच काढले. पत्रा उचलल्यावर एक वायर कडेला चिकटून वर आली. तिचं आवरण चेपून फाटलं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं.

"ही दबली," सर म्हणाले. "ही माझी."

"दाबला मी होता सर."

"स्क्रू मी पिळले. टेस्टर लावून बघायला हवं होतं. श्रीरंग आला म्हणून घाई केली. ही माझी." त्यांनी मीटरचं एक टोक पिनला धरलं, दुसरं बोल्टला. पीं. मग तेच टोक पत्र्यावर, बोल्टपासून दोन बोटं अंतरावर नेलं आणि लॅकर आणि रंग फुटून धातू लागेपर्यंत रुतवलं. मीटर वाजला नाही. त्यांनी जागा बदलली. दुसरीकडं रुतवलं, तिसरीकडं. मीटर गप्प.

"बघ श्रीरंग. वायर बोल्टपर्यंत आहे. बोल्ट पत्र्याला लागलेलाच नाही." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. बराच वेळ लागला त्यांना. "मी नीट झाळली होती. बघ, झाळ शाबूत आहे."

"हो बाबा," श्रीरंग म्हणाला.

"मी मीटर लावला होता."

"हो बाबा. लावला होता तुम्ही."

मग सर माझ्याकडे वळले. शाळेत त्यांनी कधी कुणावर हात उगारला नव्हता. त्या क्षणी त्यांनी मला मारलं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी टेबलावरचं ब्लेड उचलून माझ्यापुढं धरलं.

"खरवड."

मी खरवडायला लागलो. जे व्हायची भीती होती तेच झालं. रंग पट्टीपट्टीनं सुटायला लागला, कडेपर्यंत गेला, आणि कोपऱ्यावरून पलीकडच्या काळ्या रंगालाही चीर पडली. मी थांबलो.

"थांबू नकोस."

उघडा धातू दिसेपर्यंत, तो पांढरा पडेपर्यंत खरवडलं. सरांनी बोल्ट आवळला, मीटरचं टोक पत्र्याला लावलं. वाजला.

"आता फ्यूज," सर म्हणाले. फाटलेली वायर त्यांनी काढली नाही. ती मुद्दाम पत्र्याला टेकवून ठेवली, आम्हाला मागं सरायला सांगितलं आणि श्रीरंगला स्विच दाबायला लावला. फट् करून फ्यूज उडाला.

"रविवारी हे व्हायला हवं होतं," सर म्हणाले. "एवढंच. हिनं बटणाला हात लावायच्या आधी. बाकी कुणाला काही झालं नसतं." दबलेली वायर हा त्यांच्या हातचा दोष, आणि तो कुणाला भोवू नये म्हणून केलेली सोय मी रंगाखाली बुजवली होती. त्यांनी ते तसं बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

त्यांनी नवी वायर आणि नवा फ्यूज टाकला. श्रीरंगनं कधी पोत्याचं तोंड सोडलं आणि सोल्डरिंगची कांडी वडिलांच्या हाताशी आणून ठेवली, ते माझ्या लक्षातही आलं नाही. झाळताना सरांची बोटं थरथरत नव्हती.

काकू कधीच्या दारात येऊन उभ्या होत्या. "झालं असेल तर लावा तबकडी," त्या म्हणाल्या.

"आई, वेड लागलंय का?" श्रीरंग म्हणाला.

"माझा हात मोडलाय, कान नाही मोडलेले. दोन वर्षं खपलेत ते त्याच्यावर. आज नाही ऐकलं तर मी परत कधी त्याच्या जवळ जायची नाही, आणि ह्यांनाही जाऊ द्यायची नाही. लावा."

सर टेबलाकडं वळले. त्यांनी टेस्टरनं पत्रा तपासला, बटण तपासलं, हेडफोनची दांडी तपासली. मग रबरी चपला काढून बाजूला ठेवल्या. तांब्यातलं पाणी फरशीवर ओतलं आणि त्यात अनवाणी उभे राहिले. बोटं त्याच पाण्यात बुडवली.

"बाबा!"

"मी धरतो सर," मी पुढं झालो.

"तू नाही." त्यांनी दोन ओली बोटं पितळी बटणावर ठेवली. "श्रीरंग, स्विच दाब."

श्रीरंगचा हात निघेना. "दाब," सर पुन्हा म्हणाले. त्यानं दाबला. व्हॉल्व्ह तापले. सर तसेच उभे होते. मी त्यांच्या मनगटाकडं बघत होतो. काही झालं नाही.

"बैस, इंदू."

काकू बसल्या. मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला, कारण सरांनी बटण सोडलं नव्हतं. श्रीरंगनं सुई टेकवली. सरांनी बोटांनी आवाज थोडा वाढवला. काकूंनी मान हलवली. आणखी थोडा. त्यांनी डोळे मिटले.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. डाव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरायला लागली. एका जागी त्या हसल्या, एका जागी ओठ गाण्याच्या शब्दांबरोबर हलले. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. श्रीरंग हलकेच म्हणाला, "बाबा, आता बसा. ठीक आहे सगळं." सर बसले नाहीत. बाजू संपेपर्यंत त्या पाण्यात उभे राहिले, दोन बोटं बटणावर.

तबकडी संपली. काकूंनी डोळे उघडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "दुसरी बाजू!"

तबकडी उलटायला श्रीरंग पुढं झाला, पण सरांनी नकारार्थी मान हलवली. ती तबकडी जुनी होती, तिला ते कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. खूप वेळ थांबली.

"चपला काढ," ते म्हणाले. "इकडं ये."

मी चपला काढल्या. फरशीवरच्या पाण्यात पाय ठेवला. पाणी गार होतं.

"हात ओला कर. धर."

मी धरलं. पितळ त्यांच्या बोटांनी कोमट झालं होतं. सरांनी आपला हात काढून घेतला, तबकडी दोन्ही तळव्यांत धरून उलटली, फुंकर मारली आणि सुई ठेवली. मग ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

मला सोड म्हणायला ते पुन्हा आले नाहीत. दुसरी बाजू संपेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.